खरजेखालचा आवाज : फोनो प्रीअ‍ॅम्प बसवण्याचे पंच्याऐंशी दिवस

१५ जानेवारी २०२४, संक्रांत. वन्सं पुण्याहून आल्या त्या तिळगुळाच्या डब्याबरोबर दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन. त्यांनी मोठं घर सोडून दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं होतं. "तू ऐकशील, म्हणून तुझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. ट्रंकांमध्ये ११२ तबकड्या निघाल्या. त्यातल्या १०५ एलपी आणि सात अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या. सोबत त्यांचा जुना एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर.

आम्ही मिरजेत राहतो. सतारमेकर गल्ली आमच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर. तंबोऱ्याचा आवाज इथे जाता-येता कानावर पडतो, त्यामुळे घरी गाणं लागलं की माझा कान आधी मागच्या तंबोऱ्याकडे जातो. पुढे सगळा त्रास आणि सगळी मदत या सवयीतूनच झाली.

फिएस्टा चालेना. बाजारातल्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी सुई भिंगाखाली धरली. "सुईही गेलीय आणि आतला सिरॅमिकचा तुकडाही. ताई, याचं सामान आता मिळत नाही." त्यांनी समजावून सांगितलं ते मला पुढे फार उपयोगी पडलं. सुईच्या हालचालीची वीज करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. जुन्या प्लेअरमध्ये ते क्रिस्टल नाहीतर सिरॅमिकचं असायचं. सुई हलली की त्या तुकड्यावर दाब पडतो आणि शेकडो मिलिव्होल्ट तयार होतात, ते सरळ अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचे. आजच्या टर्नटेबलवर बहुतेक लोहचुंबकाचं, मूव्हिंग मॅग्नेट जातीचं, कार्ट्रिज असतं आणि ते देतं जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. म्हणून मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प नावाचा, आवाज वाढवणारा वेगळा डबा लागतो. "पूर्वी कुठे लागायचा हा वेगळा डबा?" असं घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, त्याचं उत्तर इथे आहे.

मुंबईतल्या एका संग्राहकाकडून वापरलेला टर्नटेबल १६,००० रुपयांना घेतला. ३ फेब्रुवारीला तो ट्रॅव्हल्सच्या बसने आला, पार्सलचे ६५० रुपये वेगळे. पाठवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : वरची फिरती चकती आणि आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचं वजन काढून वेगळं गुंडाळायचं, आर्म बांधायचा. मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, म्हणून तो धड पोचला. कार्ट्रिज नवं घेतलं, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, ५,४०० रुपये. ते बसवायला एक पूर्ण दुपार गेली. पलंगावर पांढरी चादर अंथरली, म्हणजे स्क्रू पडला तरी दिसतो. मागच्या चार काड्यांना चार रंगांच्या तारा : पांढरी डावीची अधिक, निळी डावीची उणे, लाल उजवीची अधिक, हिरवी उजवीची उणे. चिमट्याने तार ओढू नका, तारेच्या टोकाची पितळी टोपी धरा. वजनाचा छोटा काटा ६०० रुपयांना मिळाला, त्यावर सुईचा भार २ ग्रॅम लावला. कंपनीने १.८ ते २.२ सांगितलंय.

आमचा अ‍ॅम्प्लिफायर १९८०च्या दशकातला. मागे 'फोनो' लिहिलेली भोकं आहेत, त्यांच्यामागे प्रीअ‍ॅम्प आतच असतो. तिथे टर्नटेबल लावला. डावीकडून आवाज यायचा, विरायचा, मग खरखर. काका घरी येऊन गेले. फोनोच्या भागातले कपॅसिटर वाळलेत, बदलून देतो, पण खात्री देत नाही, असं स्वच्छ सांगितलं. मग मी टर्नटेबल 'ऑक्स'ला, म्हणजे इतर उपकरणांसाठीच्या साध्या भोकात, लावून पाहिला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी एक बारीक, किरटा आवाज. तबल्याची चाट ऐकू येई, डग्गा नाहीच. गाणाऱ्या बाईंचा आवाज पत्र्याच्या नळीतून यावा तसा.

हा किरटेपणा नुसत्या कमी आवाजाचा नाही, हे त्या आठवड्यात वाचून कळलं. तबकडी कापतानाच खालचे सूर दाबतात आणि वरचे चढवतात. खर्जाचे सूर पूर्ण जोराने कापले तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एका बाजूवर पाच-सात मिनिटांचंच गाणं मावेल. वरचे सूर चढवून ठेवले की वाजवताना ते परत खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर तबकडीची खसखसही खाली जाते. किती दाबायचं, किती चढवायचं, याचा आरआयएए नावाचा एकच ठराव १९५४ पासून रूढ झाला. प्रीअ‍ॅम्पने तो बरोबर उलटा करायचा असतो. एक हजार हर्ट्झ मध्ये धरला, तर वीस हर्ट्झचा सूर सुमारे नऊपट वर उचलायचा आणि वीस हजार हर्ट्झचा जवळजवळ एक दशांशावर आणायचा. म्हणजे त्या डब्याची कामं दोन : आवाज शंभरपट मोठा करणं, आणि दबलेला खर्ज परत देणं. दुसरं काम कळल्यावर मला डग्गा का गायब होता ते उमगलं.

९ फेब्रुवारीला मुंबईच्या एका दुकानात प्रीअ‍ॅम्प नोंदवला. कुरिअरसह ९,८०० रुपये. चार दिवस सांगितले होते, लागले एकोणीस. रोज फोन करण्यापेक्षा मी एकच ईमेल लिहून ठेवला, त्यात ऑर्डरचा क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती जोडली. पुढे फोनवर बोलताना प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. खोक्यातून आलेलं जीएसटीचं बिल जपून ठेवा, वॉरंटीचा शिक्का त्यावरच होता.

२८ फेब्रुवारीच्या रात्री डबा उघडला. मुठीएवढा, पोटाशी बारीक खटक्यांची रांग. मी घाईने तो टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडला. डब्यावर फोनो लिहिलंय, अ‍ॅम्प्लिफायरवरही फोनो लिहिलंय, म्हणून तिथेच. सुई टेकली आणि स्पीकरमधून जो गडगडाट झाला त्याने मुलगी आतल्या खोलीतून धावत आली. मी बंद केलं आणि बराच वेळ हात लावला नाही. स्पीकर गेले असतील या भीतीने रात्री झोप नीट लागली नाही.

सकाळी उजेडात विचार केला तेव्हा लक्षात आलं. डब्यातून बाहेर पडणारा आवाज आधीच शंभरपट झालेला, खर्ज भरलेला. तो मी चार मिलिव्होल्टची वाट पाहणाऱ्या भोकात घातला होता, तिथे तो पुन्हा शंभरपट झाला आणि पुन्हा खर्ज चढला. प्रीअ‍ॅम्प आला की अ‍ॅम्प्लिफायरचं 'फोनो' विसरायचं. 'ऑक्स' किंवा 'सीडी' असं लिहिलेल्या भोकात जोडायचं. काही टर्नटेबलमध्ये प्रीअ‍ॅम्प आतच असतो आणि मागे एक खटका असतो, तिथेही हीच चूक होऊ शकते. जोडणी बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंद आणि आवाज शून्यावर, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते. सुदैवाने स्पीकर शाबूत होते.

मग खटके. पहिला, आवाज किती वाढवायचा : ४० डेसिबल की ६०. ४० म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे हजारपट. माझं कार्ट्रिज ४ मिलिव्होल्टचं, शंभरपट केलं की ४०० मिलिव्होल्ट, अ‍ॅम्प्लिफायरला तेवढे पुरतात. ६० चा खटका मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजसाठी. डेनॉन डीएल-१०३ सारखं कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्टच देतं, त्याला हजारपट लागतं. माझं ६० वर ठेवलं असतं तर जोरकस तान आली की आवाज फाटला असता. दुसरा खटका विजेच्या भाराचा, म्हणजे कार्ट्रिजपुढे किती रोध ठेवायचा त्याचा : ४७ किलोओहम. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजना जवळजवळ नेहमी हाच आकडा. तिसरा कपॅसिटन्सचा, म्हणजे वीज साठवून धरण्याच्या गुणाचा, आणि त्याने माझे बारा दिवस घेतले.

आता गाणं पूर्ण भरलेलं येत होतं. पहिल्या दोन दिवसांत मी पंधरा तबकड्या ऐकल्या, इतका आनंद झाला होता. तिसऱ्या दिवशी कान निवले आणि काहीतरी टोचायला लागलं. 'स' आणि 'श' शिट्टीसारखे येत होते. हार्मोनियम कर्कश. आधी वाटलं, तबकड्या झिजल्यात. सगळ्यात कमी वाजलेली, पाकीटही न सुटलेली एक काढून लावली. तीच टोचणी.

कार्ट्रिजच्या आत तारेची वेटोळी असतात. बदलत्या विजेला ती जो विरोध करतात तो इंडक्टन्स, या कार्ट्रिजचा कंपनीने ५५० मिलिहेन्री दिलाय. केबलच्या आतल्या तारेत आणि तिच्यावरच्या जाळीत थोडा कपॅसिटन्स असतो. दोन्ही मिळून एक सूर उगाच वर उचलला जातो. तो कुठे उचलला जाणार हे कपॅसिटन्सवर ठरतं. जितका कपॅसिटन्स जास्त, तितका तो उंचवटा खाली, आपल्या ऐकण्याच्या टप्प्यात उतरतो. व्हीएम९५ई ला कंपनी एकूण १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. मी प्रीअ‍ॅम्पचा खटका सगळ्यात कमीवर, शंभरवर ठेवला होता आणि त्यामुळे निर्धास्त होते. केबलचा विचारच केला नव्हता.

टर्नटेबल खिडकीशी होता आणि प्रीअ‍ॅम्प अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी, समोरच्या भिंतीला. मधे ३५० रुपयांची तीन मीटरची केबल. ती घेऊन काकांकडे गेले. त्यांच्याकडे हे मोजणारा एलसीआर मीटर आहे. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली काडी आणि बाहेरची कडी यांच्यात मोजलं : ३४० पिकोफॅरड. डब्यातले शंभर मिळवले की ४४०. वहीत गणित मांडलं तर उंचवटा दहा हजार हर्ट्झच्या आसपास येत होता. शिट्टी तिथलीच. काकांनी पाऊण मीटरची दुसरी केबल दिली, ४५० रुपये, मोजली तर ६८. शंभर धरून १६८, आर्मच्या आतली तार धरली तरी दोनशेच्या आत. आता उंचवटा पंधरा हजारांच्या पुढे गेला.

म्हणून प्रीअ‍ॅम्प टर्नटेबलच्या शेजारी ठेवा. टर्नटेबल ते प्रीअ‍ॅम्प केबल आखूड हवी. प्रीअ‍ॅम्प ते अ‍ॅम्प्लिफायर लांब असली तरी चालते, तिथे आवाज आधीच मोठा झालेला असतो. मी जुनी तीन मीटरची केबल त्या दुसऱ्या अंगाला वापरली, तिचे पैसे वाया गेले नाहीत. 'श' पुन्हा 'श' झाला.

राहिली गुणगुण. ती पहिल्या दिवसापासून होती. टर्नटेबलच्या मागे एक सुटी तार असते, ती प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला आवळायची. ती आवळली तेव्हा मोठा घूं आवाज गेला, खाली एक मंद गुणगुण उरली. गाणं सुरू झालं की ती झाकली जायची, म्हणून मी तिला चालवून घेत होते.

८ मार्चला, महाशिवरात्रीला, गल्लीतले तंबोरे बनवणारे चाचा घरी आले. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. मी कौतुकाने एका गायिकेची एलपी लावली, पांढरी पाचच्या पट्टीतली. ते डोळे मिटून बसले. आलाप सुरू झाला तरी त्यांचा चेहरा खुलेना. "भाभी, ही खरज तंबोऱ्याची न्हवं. खाली दुसरं कायतरी बोलतंय. खरज हेलकावे खातीया बघा." मला ऐकू येईना. त्यांनी हात वर करून हेलकावे मोजून दाखवले, सेकंदाला दोनेक. मग ऐकू आले, आणि त्यानंतर ते ऐकू न येणं मला शक्यच राहिलं नाही.

रात्री हिशेब केला. पांढरी पाच म्हणजे षड्ज १९६ हर्ट्झ. तंबोऱ्याची खरज त्याच्या निम्मी, ९८. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. अठ्ठ्याण्णव आणि शंभर एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे पडणारच. तारांखालची घोडी घासून जवारी लावताना खरजेतला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाने माझ्या घरातल्या विजेचा दोष कानाने काढला होता. मी त्यांची फार ऋणी आहे.

दोष शोधायची रीत काकांनी सांगितली : एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि वहीत लिहायचं. टीव्हीच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समार्गे अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती. ती काढली, गुणगुण कमी झाली. प्रीअ‍ॅम्पचा अडॅप्टर अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डात लावला, आणखी थोडी कमी. पण आर्मला बोट लावलं की ती बदलायची. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला बोटाची मागची बाजू टेकवली की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. हे ऐकल्यावर काकांनी मला पुढे काही करू दिलं नाही, आधी इलेक्ट्रिशियन बोलवायला लावलं.

लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आला. त्याने टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगच्या भोकात घातलं. दिवा लागलाच नाही. आमची इमारत १९९१ची. तीन पिनांच्या प्रत्येक बोर्डात अर्थिंगचं भोक होतं, त्यामागची तार खाली मीटरपेटीजवळ गंजून तुटली होती. म्हणजे घरातला फ्रीज, गीझर, सगळंच इतकी वर्षं अर्थिंगशिवाय. उपकरणांतून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती.

अर्थिंगसाठी नवा खड्डा आवारात घ्यायचा, म्हणून सोसायटीची परवानगी लागणार. अर्जात तीन गोष्टी लिहिल्या : खड्ड्याची जागा, खोली, खर्च आम्ही करणार. इलेक्ट्रिशियनच्या लायसन्सची प्रत आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. कमिटीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, ती १० मार्चला होती. मी अर्ज ९ तारखेला संध्याकाळी दिला आणि पोच घेतली, नाहीतर विषय एप्रिलवर गेला असता. एका सभासदाने पाण्याच्या टाकीच्या जवळ नको म्हटलं, जागा दोन मीटर सरकवली. १४ मार्चला ना-हरकत पत्र हातात. मग होळी, मग रंगपंचमी, कामाला माणसं मिळेनात. १ एप्रिलला खड्डा झाला. जीआयचा पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वरून झाकण. अर्थ टेस्टरवर २.८ ओहम आलं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा खटका, बसवून घेतला. सगळे मिळून ८,२०० रुपये. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला सांगितलंय.

इथे एक कळकळीने सांगते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापा किंवा तिला टेप लावा, असं सांगणारे भेटतात. मलाही दोघांनी सांगितलं. ते करू नका. आवाज कदाचित जाईल, पण पेटीत कधी फेज उतरली तर विजेची वाट तुमच्या हातातून जाईल.

१ तारखेच्या संध्याकाळी आवाज अर्ध्यावर ठेवून, सुई न टेकवता, आम्ही स्पीकरला कान लावले. बारीक सळसळ होती, ती असतेच. घूं नव्हता. शेवटचा खटका, खर्जाखालच्या हालचाली कापणारा, मी फक्त वाकलेल्या तबकड्यांना लावते. वाकलेली तबकडी फिरताना स्पीकरचा कागद आतबाहेर होताना डोळ्यांना दिसतो, कानाला काही कळत नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायर फुकट दमतो.

एकूण ४१,४५० रुपये झाले. त्यात अर्थिंगचे मी गाण्याच्या खात्यात धरत नाही, ते कधीच व्हायला हवं होतं.

९ एप्रिलला पाडव्याला वन्सं आल्या, चाचाही आले, येताना तंबोरा घेऊन. तीच एलपी लावली. चाचांनी पहिली काही मिनिटं आपला तंबोरा मांडीवर ठेवून तारांचे मणी सरकवत तबकडीतल्या तंबोऱ्याशी जुळवून घेतला आणि मग त्याबरोबर छेडत राहिले. बाजू संपली तेव्हा म्हणाले, "आता खरज एका जागी बसली."

ट्रंकेतल्या सात अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या मात्र तशाच आहेत. त्यातल्या दोन मिरजेतच राहिलेले गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या. खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे या तबकड्यांवर १९५४ चा ठराव लागूच नाही. तेव्हा प्रत्येक कंपनीची दाबण्या-चढवण्याची रीत वेगळी होती. खाचही रुंद, एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाईल. याच कार्ट्रिजच्या अंगावर बसणारी अठ्ठ्याहत्तरची वेगळी सुई मिळते, ती पाच ग्रॅमच्या आसपास भारावर चालवायची. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे. सुई नोंदवली आहे, तीन आठवडे लागतील म्हणाले. चाचा दर शुक्रवारी विचारून जातात.